मॅट चित्रण, चित्रपटातील

चित्रपटातील कथेस आवश्यक असलेले, परंतु प्रत्यक्षात उपलब्ध नसलेले स्थळ चित्रकाराने रंगवून ते कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्याशी बेमालूम जोडण्याची कला. ‘मॅट’ या शब्दाचा येथील मूळ अर्थ आच्छादन असा आहे. फिल्मच्या चौकटीचा एक भाग काळ्या आच्छादनाने झाकून उरलेल्या भागावर चित्रीकरण करावयाचे आणि झाकलेल्या भागात मागाहून रंगविलेले चित्र भरावयाचे, या रीतीवरून हे नाव पडले. संगणकाच्या प्रसारानंतर काच व कुंचला ही साधने व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली. नाव मात्र टिकून राहिले. पडझड झालेली वास्तू पूर्ण दाखविणे, नेपथ्यावर नसलेले छत चढविणे, गतकाळातील नगर उभे करणे अशी नित्याची कामे या कलेकडे येतात. तथापि तिची खरी कसोटी कोठेच अस्तित्वात नसलेले भूदृश्य निर्माण करण्यात लागते. कारण तेथे पडताळून पाहण्यास मूळ स्थळ नसते आणि तरीही प्रेक्षकाला ते खरे वाटावे लागते. प्रेक्षकाच्या नजरेस चित्र म्हणून जे चित्र पडले, ते या कलेत फसलेले समजतात. या एका अटीमुळे तंत्राच्या वाढीची दिशा ठरली आणि चित्रकारांची नावेही दीर्घकाळ पडद्याआड राहिली.

काचचित्रण : चौकटीचा काही भाग झाकून एकाच फिल्मवर दोनदा चित्रीकरण करण्याची युक्ती चित्रपटाच्या पहिल्या दशकातच रूढ झाली. फ्रान्समध्ये झॉर्झ मेल्येस याने १८९८ मध्ये काळ्या पार्श्वभूमीच्या व आच्छादनांच्या साहाय्याने स्वतःचीच अनेक मस्तके एका दृश्यात दाखविली. अमेरिकेत एडविन पोर्टर याने १९०३ च्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ या चित्रपटात स्थानकातील कचेरीच्या खिडकीतून धावती आगगाडी दाखविली, तीही याच युक्तीने. या प्रयोगांत चित्रकाराला स्थान नव्हते. ते त्यास मिळवून दिले नॉर्मन डॉन (१८८४–१९७५) या अमेरिकन छायाचित्रकाराने.

स्थिर छायाचित्रणात एखाद्या इमारतीसमोरील नको असलेला खांब वा तारा झाकण्यासाठी कॅमेरा व इमारत यांच्यामध्ये काच उभी करून तिच्यावर झाड रंगविण्याची पद्धत होती. डॉनने ती चित्रपटात आणली. कॅलिफोर्नियातील जुन्या स्पॅनिश धर्मपीठांविषयी १९०७ मध्ये त्याने ‘मिशन्स ऑफ कॅलिफोर्निया’ हा लघुपट तयार केला. त्यांतील अनेक वास्तू तोपर्यंत ढासळल्या होत्या. डॉनने कॅमेऱ्यापुढे मोठी काच पक्क्या चौकटीत बसविली, भिंगातून पाहत पडक्या भिंतींच्या कडा काचेवर नेमक्या आखल्या आणि त्यांच्यावर नाहीशी झालेली छपरे व मनोरे रंगविले. काचेच्या मोकळ्या भागातून खरे अंगण आणि त्यात वावरणारी माणसे दिसत, वरच्या भागात रंगविलेली वास्तू दिसे. कॅमेऱ्याला दोहोंचे मिळून एकच चित्र मिळे.

ही पद्धत स्वस्त होती, परंतु तिच्या मर्यादा कडक होत्या. कॅमेरा किंचितही हलला, तर जवळचे चित्र व दूरची भिंत एकमेकांपासून सरकत आणि भ्रम मोडे. शिवाय चित्र जागेवरच, सूर्य ढळण्यापूर्वी पुरे करावे लागे. सकाळी दहाच्या उन्हाशी जुळविलेली रंगविलेली सावली दुपारी दोन वाजता खऱ्या सावलीच्या उलट दिशेस पडलेली दिसे. नटवर्ग व तंत्रज्ञ खोळंबून बसलेले आणि चित्रकार शिडीवर उभा राहून घाईने मनोरे रंगवीत आहे, असा प्रकार सोयीचा नव्हता.

यावर डॉनने १९११ च्या सुमारास तोडगा काढला. काचेवर चित्र काढण्याऐवजी त्याने चौकटीचा तो भाग काळा करून चित्रीकरण केले. फिल्मचा तेवढा भाग अस्पर्शित राहिला. ती न धुता जपून ठेवावयाची, तिच्या शेपटाचा थोडा तुकडा मात्र धुऊन कॅमेऱ्यातून चित्रफलकावर प्रक्षेपित करावयाचा, त्याच्या आधारे सांधा आखून घ्यावयाचा आणि कार्यशाळेत निवांतपणे चित्र पुरे करावयाचे. नंतर मूळ फिल्म पुन्हा कॅमेऱ्यात भरून केवळ चित्राचे चित्रीकरण करावयाचे, की दोन्ही भाग एकाच निगेटिव्हवर एकत्र येत. या पद्धतीचे एकस्व डॉनला १९१८ मध्ये मिळाले. तिच्यामुळे चित्रकाराला दिवसांची व आठवड्यांची सवड मिळाली; मात्र एक चूक झाली, तर पुन्हा न मिळणारे मूळ चित्रीकरण वाया जाण्याचा धोकाही पत्करावा लागला. त्यामुळे चाचणीसाठी प्रत्येक दृश्याची जादा फिल्म टिपून ठेवण्याची शिस्त पुढे सर्वत्र रुळली.

जर्मनीत ऑयगेन शुफ्टान याने आरशाचा उपयोग करून वेगळा मार्ग काढला. कॅमेऱ्यापुढे तिरप्या ठेवलेल्या आरशाचा काही भागातील लेप खरवडून काढावयाचा. खरवडलेल्या पारदर्शक भागातून नट दिसत व उरलेल्या आरशात बाजूस ठेवलेल्या लहान प्रतिकृतीचे प्रतिबिंब दिसे. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या चित्रपटातील प्रचंड नगराच्या काही दृश्यांत ही पद्धत वापरली आहे. साधने निराळी असली, तरी अडचण तीच होती : दोन भिन्न वस्तूंच्या प्रतिमा जेथे मिळतात, तो सांधा दिसू नये.

चित्रशाळांचा काळ : १९३० नंतर हॉलिवुडच्या प्रत्येक मोठ्या निर्मितिसंस्थेत मॅट चित्रणाचा स्वतंत्र विभाग असे. तेथील दारे बहुधा बंद ठेवली जात, कारण आपला चित्रपट रंगविलेल्या काचांवर उभा आहे हे प्रेक्षकांना कळू देणे संस्थांना परवडणारे नव्हते. ‘किंग काँग’ (१९३३) मधील कवटीबेटाचे जंगल मारिओ लॅरिनागा व बायरन क्रॅब यांनी एकामागे एक ठेवलेल्या अनेक काचांवर रंगविले. फ्रेंच चित्रकार ग्यूस्ताव्ह दोरे याच्या कोरीव चित्रांतील गर्द, धुकट अरण्यांचा ठसा त्यावर स्पष्ट आहे. काचांच्या मधल्या जागेत बाहुल्या हलवीत. जवळचे खोड काळे, मधली झाडी करडी व मागची फिकट, अशा रीतीने तेथे प्रथमच एका काल्पनिक प्रदेशाला खरी खोली आली. पुढे संगणकावर जे थर रचले गेले, त्यांचे मूळ या काचांत आहे.

मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या विभागाचा प्रमुख वॉरन न्यूकोम याच्या हाताखालील चित्रकार तैलरंगांऐवजी रंगीत खडू पसंत करीत. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मधील दूरवर चमकणारे पाचूनगर हे काळ्या पुठ्ठ्यावर खडूंनी काढलेले चित्र आहे. त्याच वर्षीच्या ‘गॉन विथ द विंड’ साठी जॅक कॉसग्रोव्हच्या विभागाने घरांचे वरचे मजले, छते, आकाश व शहराची क्षितिजे रंगविली. ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’ (१९४१) मधील टेकडीवरचा झानाडू हा प्रासादही रंगविलेलाच होता.

ब्रिटनमध्ये या कलेची परंपरा वॉल्टर पर्सी डे (१८७८–१९६५) याच्यापासून सुरू होते. तो मुळात तैलचित्रकार होता. फ्रान्समध्ये त्याने आबेल गांसच्या ‘नेपोलियन’ (१९२७) सह अनेक मूकपटांसाठी काचचित्रण केले. ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) मधील नगरे त्याच्या हातची आहेत. परंतु त्याच्या कामाचा कळस ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७) या चित्रपटात दिसतो. मायकेल पॉवेल व एमेरिक प्रेसबर्गर यांच्या या चित्रपटाची कथा दार्जिलिंगच्या परिसरातील, हिमालयाच्या कड्यावरच्या एका जुन्या राजवाड्यात घडते. भारतात चित्रीकरण न करण्याचा निर्णय पॉवेलने घेतला आणि सारा हिमालय लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत निर्माण करण्यात आला. काही बाह्यदृश्यांपुरता ससेक्समधील एका उद्यानाचा उपयोग झाला. कड्याच्या टोकावरील घंटेचे दृश्य विशेष प्रसिद्ध आहे. घंटा वाजविणारी जोगीण, चौथरा व कठडा एवढेच खरे होते. खाली हजारो फूट उतरणारी दरी, तिच्या तळाची झाडी व वाफाळलेले धुके हे सर्व चित्र होते. दूरच्या हिमशिखरांसाठी कृष्णधवल छायाचित्रे मोठी करून त्यांवर खडूंनी रंग चढविला होता. छायाचित्र पायाभूत धरून त्यावर रंगवावयाचे, ही रीत पुढे अर्धशतकाने संगणकावर सार्वत्रिक झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. या चित्रपटास छायालेखन (जॅक कार्डिफ) व कलादिग्दर्शन (आल्फ्रेड युंग) यांची ऑस्कर पारितोषिके मिळाली. हिमालय मात्र भूगोलाच्या दृष्टीने फारसा विश्वसनीय नाही. तो एका विशिष्ट मनःस्थितीचा हिमालय आहे आणि चित्रपटाला तसाच हवा होता.

डेचा सावत्र मुलगा व शिष्य पीटर एलेनशॉ (१९१३–२००७) याने ही विद्या वॉल्ट डिस्ने संस्थेत नेली. ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) मधील लंडनच्या संध्याकाळच्या छपरांसाठी तो विशेष ओळखला जातो. दुसरा ब्रिटिश चित्रकार आल्बर्ट व्हिटलॉक (१९१५–१९९९) पाट्या रंगविण्याच्या व्यवसायातून वर आला आणि युनिव्हर्सल संस्थेत त्याने डॉनच्या मूळ निगेटिव्हच्या पद्धतीला पूर्णत्व दिले. आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘द बर्ड्‌स’ (१९६३) मध्ये पेटलेल्या गावाचे आकाशातून दिसणारे दृश्य आहे. त्यातील आग व माणसे चित्रशाळेच्या आवारात टिपलेली, सीगल पक्षी समुद्रकाठच्या कड्यावरून वेगळे टिपून एकेका चौकटीत हाताने आखून उचललेले आणि उरलेले सारे गाव व्हिटलॉकने रंगविलेले आहे. ‘अर्थक्वेक’ (१९७४) व ‘द हिंडेनबर्ग’ (१९७५) या चित्रपटांच्या दृक्‌परिणामांसाठी त्याला सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले. त्याची चित्रे जवळून पाहिली, तर अपुरी वाटतात. खिडकी म्हणजे एक फटकारा, झाड म्हणजे दोन-तीन ठिपके. पडद्यावर काही सेकंदच राहणाऱ्या चित्रात तपशील वाढविले, तर नजर तेथे अडकते आणि लबाडी उघडी पडते. प्रकाशाची दिशा व छटांचा क्रम अचूक असला, म्हणजे तपशील प्रेक्षक स्वतःच भरतो, असे त्याचे काम सांगते.

‘स्टार वॉर्स’ (१९७७) नंतर विज्ञानकथा व अद्‌भुतकथा यांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभला आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेत मॅट चित्रकारांची नवी पिढी तयार झाली. एलेनशॉचा मुलगा हॅरिसन, राल्फ मॅक्वारी, मायकेल पँग्रेझिओ व क्रिस एव्हन्स ही त्यांतील काही नावे. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) च्या अखेरीस खोक्यांनी भरलेले जे अफाट कोठार दिसते, ते पँग्रेझिओने काचेवर रंगविले. खोके ढकलीत जाणारा माणूस व त्याच्या भोवतीची थोडी जागा तेवढी खरी. ते दृश्य नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ पडद्यावर राहते, तरी टिकते.

या काळापर्यंतच्या चित्रांची पुढे काय गत झाली, हे सांगितल्याविना हा इतिहास अपुरा राहील. अनेक काचा खरवडून पुन्हा वापरण्यात आल्या, कित्येक मोडीत टाकल्या गेल्या. श्रेयनामावलीत चित्रकारांची नावे क्वचितच येत. विभागप्रमुखाचे नाव सर्वांच्या वतीने येई. त्यामुळे एखादे सुप्रसिद्ध दृश्य नेमके कोणाच्या हातचे आहे, हे ठरविणे अभ्यासकांना पुष्कळदा कठीण जाते.

संगणकाचे आगमन : ‘यंग शेरलॉक होम्स’ (१९८५) मध्ये चर्चच्या रंगीत काचेतून एक योद्धा सुटून खाली उतरतो. क्रिस एव्हन्सने ही खिडकी प्रथम ॲक्रिलिक रंगांनी रंगविली, मग ते चित्र संगणकात उतरवून त्यावर पुढील संस्कार केले. संगणकावरील मॅट चित्रणाचा आरंभ सामान्यतः येथून धरतात. ‘डाय हार्ड २’ (१९९०) च्या शेवटच्या विमानतळाच्या दृश्यात हाताने रंगविलेले चित्र संगणकात घेऊन प्रत्यक्ष चित्रणाशी तेथेच जोडण्यात आले. त्याच वर्षी फोटोशॉप ही आज्ञावली बाजारात आली. टॉमस व जॉन नोल या बंधूंनी ती तयार केली होती व जॉन हा इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्येच काम करीत होता. यानंतरचा बदल फार झपाट्याने झाला. ‘टायटॅनिक’ (१९९७) मध्ये जीवरक्षक होडीपासून ‘कार्पेथिया’ जहाजाकडे जाणाऱ्या दृश्यासाठी एव्हन्सने केलेले चित्र हे जुन्या पद्धतीच्या अखेरच्या चित्रांपैकी एक होय.

संगणकाने सांध्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला. फिल्मच्या काळात प्रतीवरून प्रत काढताना प्रत्येक वेळी कण वाढत व रंग उतरत. अंकीय प्रतिमेत कितीही थर जोडले, तरी मूळचा ऱ्हास होत नाही. कडा पिक्सेलच्या पातळीवर मऊ करता येतात आणि चूक सुधारता येते. मूळ निगेटिव्ह बिघडण्याची व्हिटलॉकच्या पिढीला असलेली धास्ती संपली. चित्रकाराला पूर्वीपासून करावे लागणारे निर्णय मात्र संपले नाहीत.

काल्पनिक भूदृश्याची रचना : संगणकावर एखादे अद्‌भुत भूदृश्य, समजा धबधब्यांच्या वर कड्यावर वसलेले नगर, उभे करावयाचे असेल, तर कामाची सुरुवात लहान, एकरंगी कच्च्या आराखड्यांनी होते. त्यांत नगराचा आकार, आकाश व दरी यांचे वाटप आणि उजेड-अंधाराचे मोठे समूह एवढेच ठरवितात. याच टप्प्यावर रचना फसली, तर पुढील कोणतीही कारागिरी तिला सावरू शकत नाही. नवशिक्यांचा वेळ बहुधा बुरूज व कमानी सजविण्यात जातो, तो येथे जावयास हवा.

त्यानंतर प्रत्यक्ष चित्रीकरणाची क्षितिजरेषा निश्चित करतात. कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर होता, कोणते भिंग वापरले होते, नट उभे आहेत त्या चौथऱ्याच्या समांतर रेषा दूरवर कोणत्या बिंदूत मिळतात, हे काढून रंगवावयाच्या प्रत्येक इमारतीचे यथादर्शन त्याच बिंदूंशी जुळवावे लागते. दोन क्षितिजे असलेले चित्र प्रेक्षकाला चूक दाखविता आली नाही, तरी खोटे वाटतेच. सूर्याची दिशा व उंचीही अशीच नटांच्या चेहऱ्यांवरील सावल्यांवरून ठरते, चित्रकाराच्या इच्छेवरून नव्हे.

आधुनिक मॅट चित्रकार पुष्कळ अंशी छायाचित्रांचे तुकडे जोडून काम करतो. एका पर्वताचा कडा, दुसऱ्या प्रदेशातील झाडी, तिसऱ्या ठिकाणचा धबधबा असे घटक निवडून त्यांचे थर लावतात. येथे खरी अडचण अशी, की प्रत्येक छायाचित्र वेगळ्या उन्हात, वेगळ्या भिंगाने व वेगळ्या हवेत घेतलेले असते. ते उजळविणे, गडद करणे, त्यांतील नको असलेल्या सावल्या पुसून नव्या रंगविणे हेच मुख्य काम होऊन बसते आणि त्यासाठी शेवटी रेखाटनाचा हातच लागतो. संगणकाला जोडलेल्या पाटीवर दाब ओळखणाऱ्या लेखणीने हे रंगकाम करतात. तयार चित्र रुंदीत ४,०९६ पिक्सेल वा त्याहून अधिक असते, म्हणजे कॅमेऱ्याला त्यात थोडे आत-बाहेर जाण्यास जागा राहते.

भव्यतेचा प्रत्यय मुख्यतः हवेमुळे येतो. अंतर वाढत जाते तशी वस्तूची काळी छटा फिकट होते, गडद-उजळातील फरक कमी होतो आणि रंग आकाशाच्या रंगाकडे झुकतो. हे तत्त्व प्रबोधनकालीन चित्रकारांना माहीत होते. संगणकावर प्रत्येक थराच्या मध्ये धुक्याचा विरळ पडदा घालून ते साधतात. सर्वांत मागच्या डोंगराची सर्वांत गडद छटा ही मधल्या डोंगराच्या गडद छटेपेक्षा फिकटच असली पाहिजे. हा क्रम एका ठिकाणी जरी उलटला, तरी मैलभर दूरचा मनोरा हातभर अंतरावरच्या खेळण्यासारखा भासतो. प्रमाणाचे भान देण्यासाठी ओळखीच्या आकाराच्या वस्तू, जसे की पक्ष्यांचा थवा, पायऱ्या, दिव्याची खिडकी, योग्य त्या लहानपणाने ठेवतात.

शेवटी चित्राचा नेटकेपणा मुद्दाम बिघडवावा लागतो. भिंगामुळे चौकटीच्या कडांशी येणारा मऊपणा, फिल्मचे वा संवेदकाचे कण, तेजस्वी आकाशाशी भिडलेल्या कडांवर ओघळणारा उजेड हे दोष प्रत्यक्ष चित्रणात असतात, म्हणून ते चित्रातही आणावे लागतात. पडणारे पाणी, सरकणारे ढग, धूर व फडफडती निशाणे एवढे हलते घटक वेगळे घातले, की उरलेले चित्र स्थिर आहे याकडे लक्ष जात नाही.

त्रिमितीकडे : काचेपासून चालत आलेली स्थिर कॅमेऱ्याची सक्ती हीच पुढे सर्वांत जाचक ठरली. तिच्यातून सुटका प्रक्षेपणाच्या तंत्राने झाली. डोंगर, भिंती, मनोरे यांचे ढोबळ त्रिमितीय आकार संगणकात उभारावयाचे आणि पूर्ण केलेले सपाट चित्र त्यांच्यावर एका काल्पनिक कॅमेऱ्यातून प्रक्षेपित करावयाचे. मग दुसरा कॅमेरा थोडा सरकविला, तर जवळचा बुरूज दूरच्या कड्यावरून सरकताना दिसतो आणि चित्राला अवकाश येतो. कॅमेरा फार सरकला, तर आकारांच्या न रंगविलेल्या बाजू उघड्या पडतात व तेथे नवे चित्र करावे लागते. प्रकाशाच्या गणितातही भर पडली. मार्टिन स्कोर्सेसीच्या ‘कॅसिनो’ (१९९५) साठी मॅट वर्ल्ड डिजिटल या संस्थेने १९७० च्या दशकातील लास व्हेगसचा रस्ता निर्माण करताना निऑन दिव्यांचा परावर्तित उजेड संगणकाकडून काढवून घेतला. न्यूझीलंडमध्ये निर्माण झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटत्रयीत (२००१–२००३) ॲलन ली व जॉन हाउ यांची रेखाचित्रे, तेथील खरे पर्वत, मोठ्या आकाराच्या प्रतिकृती व संगणकीय चित्रे यांचा संगम झाला. तिच्या यशानंतर अद्‌भुत भूदृश्यांची मागणी इतकी वाढली, की उत्तुंग सुळके, धबधबे आणि सोनेरी संध्याकाळ यांचा एक ठरीव साचाच बनला. अशा चित्रांत कल्पकता क्वचितच आढळते.

मागणी वाढली, तरी कारागिरांची स्थिती त्या मानाने सुधारली नाही. ‘लाइफ ऑफ पाय’ (२०१२) मधील समुद्र तैवानमधील एका हौदात चित्रित झाला. त्यावरील आकाश व क्षितिज संगणकावर घडले. या कामात प्रमुख असलेल्या ऱ्हिदम अँड ह्यूज या संस्थेची मुंबई व हैदराबाद येथेही कार्यालये होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात चित्रपटाला दृक्‌परिणामांचे ऑस्कर मिळाले. पारितोषिक स्वीकारताना प्रमुखाने संस्थेच्या अडचणींचा उल्लेख सुरू करताच वाद्यवृंदाने त्याचे भाषण झाकून टाकले. सभागृहाबाहेर या व्यवसायातील कामगार निदर्शने करीत होते. ठरलेल्या रकमेत काम घ्यावयाचे आणि दिग्दर्शकाच्या इच्छेनुसार ते कितीही वेळा बदलून द्यावयाचे, या व्यवहारातील तोटा संस्थांवर व अंतिमतः चित्रकारांवर पडतो. मार्व्हल स्टुडिओतील दृक्‌परिणाम कामगारांनी २०२३ मध्ये संघटनेच्या बाजूने एकमताने मतदान केले.

भारत : भारतीय चित्रपटाचा रंगविलेल्या दृश्याशी संबंध आरंभापासूनचा आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. दादासाहेब फाळके हे चित्रकला व छायाचित्रण या दोन्हींचे शिक्षण घेतलेले होते. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे नाटकांचे पडदे रंगविण्यात नावाजलेले होते. राजवाडा, अरण्य, रस्ता असे पडदे रंगविताना सपाट कापडावर खोली आणण्याचे जे कौशल्य लागते, ते घेऊनच बाबूराव महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या फत्तेलाल व दामले यांनी पुढे प्रभात फिल्म कंपनीचे नेपथ्य व ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील वैकुंठगमनासारखी दृश्ये घडविली. बाबूरावांनी १९२३ मध्ये ह. ना. आपटे यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. तोच तानाजी मालुसऱ्यांच्या पराक्रमाचा विषय ‘तान्हाजी : द अनसंग वॉरियर’ (२०२०) या हिंदी चित्रपटात आला, तेव्हा गड व कडे यांची अनेक दृश्ये संगणकावर तयार झाली. या दोन चित्रपटांमधील अंतरात पडदे रंगविणाऱ्यांचा व्यवसाय जवळजवळ संपला. त्यांची यथादर्शनाची विद्या चित्रपटांच्या फलकचित्रांत काही काळ टिकली. तेलुगू ‘बाहुबली : द बिगिनिंग’ (२०१५) मधील प्रचंड धबधब्यासाठी केरळातील अथिरप्पिळ्ळीच्या खऱ्या धबधब्याचे चित्रण व हैदराबाद येथील मकुटा या संस्थेचे संगणकीय काम यांचा मिलाफ करण्यात आला. मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई येथील अनेक तरुण चित्रकार विदेशी चित्रपटांसाठीही हे काम करतात.

अलीकडील प्रवाह : २०२२ च्या सुमारास शब्दांत केलेल्या वर्णनावरून क्षणार्धात भूदृश्य काढून देणाऱ्या संगणकीय प्रणाली सर्वांच्या हाती आल्या. त्या ज्या असंख्य चित्रांवरून शिकल्या, त्यांत हयात चित्रकारांची चित्रे त्यांच्या संमतीविना घेतली गेल्याची तक्रार असून त्याबाबत न्यायालयांत दावे दाखल झाले आहेत. आराखड्याच्या टप्प्यावर अशा प्रणालींचा वापर वाढत आहे. मात्र ठरावीक कॅमेरा, ठरावीक भिंग आणि नटाच्या गालावरील ठरावीक सावली यांच्याशी चित्र नेमके जुळविणे, तसेच दिग्दर्शकाने सांगितलेला एकच मनोरा हलवून बाकी सर्व जसेच्या तसे ठेवणे, यासाठी अजून चित्रकार लागतो.

दुसरा प्रवाह प्रकाशमान भिंतींचा. ‘द मॅन्डलोरियन’ (२०१९) या मालिकेसाठी सु. २० फूट उंचीची, ७५ फूट व्यासाची अर्धवर्तुळाहून मोठी भिंत उभारण्यात आली. तिच्यावर काल्पनिक ग्रहांची भूदृश्ये दिसतात, कॅमेरा हलला की त्या मानाने भिंतीवरील चित्रातील यथादर्शनही बदलते, आणि त्या चित्राचाच उजेड नटांच्या अंगावर व चिलखतावर पडतो. खरे व रंगविलेले दोन्ही भाग एकाच वेळी भिंगातून फिल्मवर उतरविण्याची डॉनची मूळ कल्पना अशा रीतीने परत आली आहे. हिरव्या पडद्यापुढे चित्रीकरण करून भूदृश्य मागाहून भरण्याच्या पद्धतीत चित्रकाराचे काम सर्वांत शेवटी येई. भिंतीवरील चित्र मात्र चित्रीकरणाच्या दिवसापूर्वीच पुरे करावे लागते आणि कॅलिफोर्नियातील पडक्या धर्मपीठांसमोर शिडीवर उभ्या असलेल्या चित्रकाराप्रमाणे आता पुन्हा सगळे पथक त्याच्यासाठी खोळंबून राहते.